डी-२८ अजून बनते का?

मार्टिन कंपनीची डी-२८ ही गिटार अजून बनते का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला वेळ लागत नाही; कंपनीच्या चालू मालाच्या यादीत तिचे नाव ठळकपणे आहे. माझ्यासमोरचा प्रश्न मात्र याहून थोडा अडचणीचा होता. पुण्याहून माझे थोरले बंधू न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आले असताना त्यांनी माझी जुनी डी-२८ जवळजवळ रोज संध्याकाळी वाजवली आणि निघायच्या आदल्या दिवशी विचारले, “ही अजून बनवतात का रे? बनवत असतील तर मला अशीच एक हवी.” त्याच सुमारास या गिटारच्या तारा मानेपासून इतक्या वर गेल्या होत्या की दहाव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवताना बोटे दुखू लागत. तिची मोठी दुरुस्ती करावी की त्या पैशांत भर घालून तेच मॉडेल नवे घ्यावे, हा विचार माझ्याही मनात घोळत होता. दादाची मागणी आणि माझी अडचण यांचे उत्तर एकाच ठिकाणी होते: आज डी-२८ या नावाने जे बनते, ते माझ्या घरातल्या डी-२८ सारखे आहे का?

त्यासाठी प्रथम घरातली गिटार नेमकी कधीची आहे ते कळणे आवश्यक होते. ती मी एका निवृत्त शेजाऱ्यांकडून घेतली होती. सांधेदुखीमुळे त्यांचे वाजवणे थांबले होते आणि खरेदीची पावती केव्हाच हरवली होती. सुदैवाने मार्टिनच्या गिटारचे वय पावतीवर अवलंबून नसते. वरच्या फळीतल्या गोल छिद्रातून आत पाहिले, तर मान जिथे पेटीला जोडलेली असते तिथे एक लाकडी ठोकळा दिसतो. त्या ठोकळ्यावर मॉडेलचे नाव आणि त्याखाली क्रमांक ठशाने उमटवलेला असतो. तारा सैल करून, हातात छोटी विजेरी आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांड्याचा आरसा घेऊन तो क्रमांक वाचता येतो. १८९८ पासून कंपनीने आपल्या गिटारना सलग क्रमांक दिले असून दर वर्षाचा शेवटचा क्रमांक कोणता, याचा तक्ता सर्वांना उपलब्ध आहे. १९७२ चा शेवटचा क्रमांक ३१३३०२ आणि १९७३ चा ३३३८७३. माझ्या गिटारचा क्रमांक या दोहोंच्या मध्ये बसत होता. तेव्हा गिटार १९७३ ची, एवढे निश्चित झाले. नव्वद वर्षांहून जुन्या मॉडेलच्या बाबतीत वर्ष कळणे म्हणजे जवळजवळ सगळेच कळणे, हे पुढे तपशिलात शिरल्यावर माझ्या लक्षात आले.

डी-२८ चे मूळ १९१६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी मार्टिनने डिटसन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी रुंद कमरेची, मोठ्या पेटीची एक गिटार बनवली आणि ब्रिटिश नौदलाच्या त्या काळच्या प्रसिद्ध युद्धनौकेवरून तिला ‘ड्रेडनॉट’ म्हटले. मार्टिनने स्वतःच्या नावाने हा आकार १९३१ मध्ये बाजारात आणला. मॅहोगनीच्या पाठीची डी-१८ आणि रोजवुडच्या पाठीची डी-२८ ही तिची दोन रूपे. १९३४ मध्ये मान लांबवून पेटीबाहेरचे फ्रेट बारावरून चौदा केले गेले आणि आज जगभर अकूस्टिक गिटार म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांसमोर येते ती तिथे पक्की झाली. १९३४ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंतच्या डी-२८ ला संग्राहक सर्वाधिक मान देतात आणि तिच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर आहेत. अमेरिकी कंट्री गायक हँक विल्यम्स यांच्याकडे असलेली १९४१ ची डी-२८ पुढे रॉक गायक नील यंग यांच्याकडे आली आणि ते ती मैफलींत वाजवत आले आहेत. अशा गिटारचे मोल तिच्या लाकडावर थोडेच ठरते!

आता माझ्या १९७३ च्या गिटारला या अभिजात काळच्या गिटारशेजारी ठेवून पाहिले, तर वरवरचे साम्य सोडल्यास फरकच अधिक सापडतात. सर्वांत महत्त्वाचा फरक बाहेरून दिसत नाही. गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून स्प्रूसच्या पट्ट्यांचा आधार असतो. त्यांतल्या दोन मुख्य पट्ट्या इंग्रजी एक्स अक्षरासारख्या एकमेकींना छेदतात. जुन्या काळी या पट्ट्या पटाशीने मधोमध खोलगट तासून हलक्या करत, त्यामुळे फळी मोकळेपणाने कंप पावत असे आणि खर्जाचा आवाज भरदार निघत असे. वादक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगून दुरुस्तीसाठी परत येऊ लागल्या, तेव्हा १९४४ मध्ये कंपनीने हे तासणे बंद केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कडेची हेरिंगबोन नक्षी गेली आणि वरच्या फळीसाठी अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूसऐवजी सिटका स्प्रूस आले. १९६० च्या दशकात तपकिरी छटेच्या पिकगार्डच्या (फळीला ओरखड्यांपासून जपणाऱ्या पातळ चकतीच्या) जागी काळे पिकगार्ड आले, आणि ब्रिजखालची, म्हणजे तारा जिथे फळीला अडकवतात त्या लाकडी पट्टीखालची, छोटी मेपलची पट्टी जाऊन रोजवुडची मोठी पट्टी आली. यांतला प्रत्येक बदल आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. बहुतेक बदलांमागे मजबुती किंवा पुरवठा हे कारण आहे. पण सगळे बदल एकत्र केल्यावर १९७३ ची डी-२८ ही १९३७ च्या डी-२८ पेक्षा जड, दणकट आणि आवाजाने किंचित आखडलेली गिटार ठरते.

पाठ आणि कडा यांच्या लाकडाची गोष्ट मात्र नुसत्या एका वाक्यात उरकण्यासारखी नाही, कारण तिचा आपल्याकडच्या जंगलांशी थेट संबंध आहे. १९६९ पर्यंत डी-२८ ची पाठ ब्राझीलच्या रोजवुडची, म्हणजे डालबर्जिया नायग्रा या झाडाच्या लाकडाची असे. रुंद फळ्या निघतील असे मोठे ओंडके मिळेनासे होत होते. १९६५ मध्ये मार्टिनने तीन तुकड्यांची पाठ असलेली डी-३५ काढली ती अरुंद फळ्या वापरता याव्यात म्हणूनच. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातल्यावर तो मार्गही आक्रसला आणि १९६९ च्या अखेरीपासून डी-२८ साठी भारतीय रोजवुड वापरले जाऊ लागले. भारतीय रोजवुड म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, आपला शिसव. ज्या लाकडाचे पलंग, देव्हारे आणि कपाटे आजोळच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, त्याच लाकडाच्या जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या माझ्या अमेरिकी गिटारच्या पाठीला आहेत, हे कळल्यावर मी ती उजेडात धरून पुन्हा नीट पाहिली. ब्राझीलच्या लाकडातल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा तिच्यात नाहीत. सरळ धाग्याचे, जांभळट तपकिरी, घट्ट लाकूड आहे. बीटल्सचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी १९६८ मध्ये ऋषिकेशला गेले तेव्हा त्यांनी सोबत डी-२८ नेल्या होत्या. त्या गिटार ब्राझीलच्या लाकडाच्या होत्या आणि दोन वर्षांच्या आत भारतातून लाकूड उलट दिशेने जाऊ लागले, हा योगायोग गमतीदार आहे.

लाकडाच्या बाबतीत तरी दादाच्या मागणीला बाधा नव्हती. आजची डी-२८ ही शिसवाचीच असते. म्हणजे ज्या बदलामुळे संग्राहक १९७० नंतरच्या गिटारना कमी लेखतात, तो बदल कायम झाला आहे. ब्राझीलचे रोजवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक बंदीच्या यादीत असल्याने त्याकडे परत जाणे कोणत्याही मोठ्या कारखान्याला शक्य नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही.

दुरुस्तीचा अंदाज घेण्यासाठी मी गिटार आमच्या भागातल्या एका अनुभवी कारागिराकडे नेली. त्यांनी बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजली. ती साडेतीन मिलिमीटरहून अधिक भरली, जी अडीचच्या आसपास असायला हवी. मग त्यांनी फ्रेटवर लांब पोलादी पट्टी आडवी न ठेवता मानेच्या लांबीत ठेवली आणि तिचे टोक ब्रिजकडे सरकवले. मानेचा कोन बरोबर असेल तर पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम लागते. माझ्या गिटारवर ती ब्रिजच्या कडेवर मध्येच अडकली. पूर्वी कोणीतरी ब्रिजमधले हाडाचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून तारा खाली आणल्या होत्या आणि आता घासायला सॅडल शिल्लक नव्हते. पोलादी तारांचा ताण अनेक दशके सोसल्यावर पेटीचा आकार किंचित बदलतो आणि मान पुढे झुकते. हे चांगल्या बनावटीच्या गिटारलाही चुकत नाही. उपाय एकच, मान पेटीपासून सोडवून नव्या कोनात बसवणे.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी नंतर दादाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. माझ्या गिटारच्या मानेत पोलादाची चौकोनी नळी आहे. ती मानेला बळ देते, परंतु तिला फिरवायला कोणताही स्क्रू नाही. मार्टिनने फिरवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे मानेतली आधाराची सळई, १९८५ मध्ये आणला. त्याआधीच्या गिटारची मान हवामानाने वाकली, तर किल्ली घालून ती सरळ करण्याची सोय नाही.

एवढी तयारी झाल्यावर मी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी जायचे ठरवले. मध्य न्यू जर्सीहून ते गाव मोटारीने सुमारे दीड तासावर आहे. डेलावेअर नदी ओलांडली की थोड्याच वेळात पोहोचता येते. सॅक्सनीतल्या मार्कनॉइकिर्शेन या वाद्यनिर्मितीच्या गावातून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेले क्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन काही वर्षांतच या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या शांत वसाहतीत स्थिरावले आणि कंपनी तेव्हापासून तिथेच आहे. सध्याचा कारखाना १९६४ चा आहे, म्हणजे माझी गिटार याच इमारतीत घडली. कंपनीच्या स्वस्त श्रेणीतल्या गिटार मेक्सिकोतल्या नावोहोआ येथे बनतात, पण डी-२८ आजही नाझरेथलाच बनते. ‘अजून बनते का’ या प्रश्नाचा हा एक भाग तरी डोळ्यांनी पाहून पक्का करता आला.

कारखाना पाहायला मिळतो आणि तो पाहण्यासारखा आहे. माना यंत्रावर संगणकाच्या आज्ञेने कोरल्या जातात, गिटारला चकाकी आणण्याचे काम यंत्रमानवाचा हात करतो. आणि त्याच छपराखाली कडांच्या आतली खाचांची पट्टी चिकटवताना कपडे वाळत घालायचे साधे चिमटे रांगेने लावलेले असतात. माझे लक्ष मात्र मान बसवण्याच्या टेबलाकडे होते. डी-२८ ची मान अजूनही डोव्हटेल सांध्याने, म्हणजे पाचरीसारख्या आकाराच्या खोबणीत बसवून जोडली जाते. कामगार मान खोबणीत घालून पाहतो, काढतो, पटाशीने केसभर लाकूड काढतो, पुन्हा घालून पट्टी लावून कोन तपासतो, आणि हे समाधान होईपर्यंत चालते. बोल्टने मान जोडणारे कारखाने बरेच आहेत आणि त्या पद्धतीत दुरुस्ती सोपी जाते, हे मान्य करूनही मला ते टेबल सोडवत नव्हते. माझ्या गिटारची मान ज्या पद्धतीने बसवली गेली, ती पद्धत बदललेली नाही, हे तिथे स्पष्ट दिसत होते.

कारखान्याच्या दर्शनी भागात संग्रहालय आणि दुकान आहे, आणि पाहुण्यांना गिटार वाजवून पाहण्यासाठी एक स्वतंत्र खोलीही आहे. मी माझी गिटार सोबत नेली होती. शेजारी शेजारी वाजवल्याशिवाय तुलना होत नाही, कारण दोन तासांपूर्वी ऐकलेला आवाज मनात आपल्या सोयीने बदलत राहतो.

तिथे मी वाजवलेली नवी डी-२८ ही २०१७ मध्ये नव्याने आखलेली आहे. तिच्यात एक्स पट्ट्यांचा छेद छिद्राच्या अधिक जवळ सरकवलेला आहे, जसा १९३० च्या दशकात असे. पिकगार्ड पुन्हा तपकिरी छटेचे आहे, खुंट्या जुन्या पद्धतीच्या उघड्या दातांच्या आहेत, कडेची पट्टी पांढऱ्याफटक ऐवजी हस्तिदंती रंगाची आहे आणि फळीला जुनेपणाची पिवळसर छटा आधीच दिलेली आहे. ही शेवटची गोष्ट मला फारशी रुचली नाही. फळी वाजवून पिवळी होऊ द्यावी. मानेचा वरचा भाग मात्र माझ्या गिटारपेक्षा किंचित रुंद आहे, एक इंच आणि अकरा-सोळांशऐवजी पावणेदोन इंचाचा. कागदावर हा फरक दीड मिलिमीटरचा असला, तरी डाव्या हाताला तो पहिल्याच कॉर्डला जाणवतो. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला ती जागा सुखाची वाटते. अंगठा वरून टाकून सहावी तार दाबणाऱ्या माझ्यासारख्याला सवय करावी लागते.

आवाजात नवी गिटार अधिक मोकळी होती. खर्ज खोल होता, हलक्या आघातालाही ती लगेच बोलत होती. माझी गिटार त्या मानाने कोरडी आणि नेमकी वाटली. जोराने वाजवल्यावरही तिचे सूर एकमेकांत मिसळत नाहीत, आणि दादाला तिच्यात जे आवडले ते हेच असावे असे मला वाटते, कारण ते गाण्याला साथ देतात आणि साथीच्या गिटारने शब्दांवर स्वार होऊ नये असा त्यांचा आग्रह असतो. तिथेच एचडी-२८ ही वाजवली. १९७६ मध्ये कंपनीने तासलेल्या पट्ट्या आणि हेरिंगबोन नक्षी या मॉडेलमधून परत आणली होती. तिचा खर्ज तर खोलीत घुमतो. शिवाय ‘ऑथेंटिक’ नावाची श्रेणी आहे, ज्यात १९३७ च्या डी-२८ ची बनावट थेट सरसाने चिकटवण्यापर्यंत जशीच्या तशी पाळली जाते. तिची किंमत पाहून मी ती हातात घेतली, थोडी वाजवली आणि जपून परत ठेवली.

तिथून निघताना माझ्यापुरता निष्कर्ष निघाला होता. डी-२८ बनते, त्याच गावात, त्याच इमारतीत, त्याच सांध्याने आणि १९७० पासूनच्या त्याच शिसवाने बनते; पण कंपनीने मागे वळून पाहताना १९७० च्या दशकाला वळसा घालून १९३० चे दशक गाठले आहे. त्यामुळे आजची गिटार माझ्या गिटारपेक्षा आपल्या आजीसारखी अधिक दिसते. १९७३ ची घडण पुन्हा बनवावी अशी मागणीच बाजारात नाही, आणि म्हणून दादाला हवी होती तशी गिटार नवी मिळणार नव्हती.

हे सगळे मी फोनवर दादाला सांगितले आणि दोन पर्याय ठेवले. पहिला, तीन हजार डॉलरहून अधिक देऊन नवी डी-२८ घ्यायची. दुसरा, १९७० च्या दशकातली जुनी शोधायची. संग्राहकांचा तिच्यावर डोळा नसल्याने ती अनेकदा नव्याहून स्वस्त पडते, पण मान बसवण्याचा खर्च त्यात धरावा लागतो. दादाने किमतीआधी विचारले, “पुण्याच्या हवेत कोणती टिकेल?” एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधला ओलावा यांत लाकूड आकसते आणि फुगते, मानेचा बाक बदलतो, तिथे फिरवता येणारा ट्रस रॉड असलेली नवी गिटार सांभाळायला सोपी, असे मी सांगितले. त्यांनी नवी घ्यायचे ठरवले. शिसवाच्या वाद्याबद्दलची कागदपत्रांची काळजी तोपर्यंत मिटली होती. डालबर्जिया वंशातल्या सर्व जातींवर २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवान्याची अट आली होती, ती तयार वाद्यांपुरती २०१९ च्या नोव्हेंबरात उठवली गेली. पुढच्या भारतभेटीत मी ती गिटार सोबत नेली. गोल छिद्रातून लांब किल्ली घालून रॉड किती हलक्या हाताने फिरवायचा, हे दादाला बसून दाखवले.

माझ्या गिटारची मान मी बसवून घेतली. कारागिरांनी आधी विचारून घेतले होते, म्हणून काम पाहायला मिळाले. पंधरावा फ्रेट काढून त्या खाचेतून सांध्यापर्यंत बारीक भोके पाडली, त्यांतून वाफ सोडली, गोंद मऊ झाल्यावर मान वर उचलून बाहेर आली आणि तिच्या टाचेवरचे लाकूड तासून कोन बदलला. आता तारा खाली आल्या आहेत, सॅडल पुरेसे उंच आहे आणि आवाजही पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, कारण तारांचा ब्रिजवरचा दाब वाढला.

ज्यांना याच काळातली डी-२८ हवी असेल, त्यांनी ती विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: आतल्या ठोकळ्यावरचा क्रमांक तक्त्याशी जुळतो का, सॅडल ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे, आणि फ्रेटवर ठेवलेली लांब पट्टी ब्रिजच्या माथ्यावरून जाते की कडेला अडते. पट्टी कडेला अडत असेल, तर मान बसवण्याचे काही शे डॉलर मागितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी करावीत.